ओट्यावरची जागा

यवतमाळ,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मुस्कान,
सप्रेम नमस्कार.

पाकीट बघून हसली असशील. डी.एड.च्या होस्टेलमधून निघताना आपण पत्रं लिहायची शपथ घेतली होती. ती मोडली मीच. फोन आहे, पण फोनवर आपण दोघी मुलांची सर्दी आणि बदल्यांच्या बातम्या यांच्या पुढे सरकत नाही. शिवाय तुझ्या डोंगरखेडात रेंज यायची तर म्हणे तुला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं.

काम असं आहे. तुझ्या शाळेच्या आवारात ती जुनी एका खोलीची शाळा आहे ना, इंग्रजांच्या काळातली, जिचं छप्पर गावाने मागच्या वर्षी नीट करून घेतलं? माझ्या सहावीच्या मुलांना मला तिथे एक दिवस आणायचं आहे. नुसतं बघायला नाही. त्या दिवशी तीच त्यांची शाळा. एकच गुरुजी, एकाच खोलीत चार वर्ग, सारवलेली जमीन, पाटी-लेखणी, मोठ्याने पाढे. आमची मुलं यवतमाळात वाढलेली, व्हॅनने येणारी. त्यांना वाटतं, शाळा म्हणजे जन्मापासून बाक आणि प्रोजेक्टर. इतिहास पुस्तकातून शिकवून मी कंटाळले. एकदा तो त्यांच्या अंगाला लागू दे.

आमच्या मुख्याध्यापक बाईंनाही कल्पना आवडली. प्रवेशाच्या दिवसांत फोटो कामी येतील, असं त्या म्हणाल्या. मी तिकडे दुर्लक्ष केलं. मला फक्त एवढंच वाटतं की जे करायचं ते खरं व्हावं. गॅदरिंगमधल्या नाटकासारखं नको.

गावात त्या शाळेत शिकलेलं कोणी जुनं माणूस असेल तर बघ ना.

तुझी,
प्रेरणा


डोंगरखेड,
२ डिसेंबर २०२४

प्रेरणा,

पत्र पोस्टमनने वर्गातच आणून दिलं. माझी पोरं विचारून राह्यली, मॅडम, कोर्टाचं आहे का?

ये. बिनधास्त ये. खोली तुझीच समज. भिंती दगडी, वर कवेलूंचं छप्पर, दोन खिडक्या, समोर लांब ओटा. आत जमीन सारवून घेते. गावातल्या बाया मदत करतात. फळा जुनाच आहे, मधून तडकलेला. बोरी अरबच्या बाजारातून पाट्या मिळतात का ते बघते. नाही मिळाल्या तर तू घेऊन ये.

जुनं माणूस आहे. भगवानराव. पंचाऐंशीच्या पुढचे असतील, चौथीपर्यंत त्याच खोलीत शिकले. कान चांगले, डोळे कमी. बोलायला लागले की थांबत नाहीत. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "शयरातल्या पोट्ट्यांले सांगाचं? सांगतो नं. खरं सांगाचं का गोड सांगाचं?" मी म्हटलं, आबा, खरं सांगा. तुझंच वाक्य पुढे सरकवलं.

एक विचारते. माझ्या शाळेची पोरं त्या दिवशी तुझ्या पोरांमध्ये बसली तर चालेल का? जास्त नाहीत. शेतकऱ्यांची आहेत, बंजाऱ्यांच्या तांड्यावरची आहेत, दोन कोलाम आदिवासींची आहेत. त्यांना पण मजा येईल. जेवायला खिचडी आणि वांग्याची भाजी करते सगळ्यांसाठी.

थंडी आहे, पोरांना स्वेटर घालून आण.

मुस्कान


यवतमाळ,
२३ डिसेंबर २०२४

प्रिय मुस्कान,

तुझे आभार कसे मानू! शनिवारचा दिवस मुलं जन्मभर विसरणार नाहीत. काल रविवारी दिवसभर पालकांचे मेसेज येत होते. एका आईने लिहिलं की मुलगी घरी आल्यापासून मांडी घालून जेवते आहे.

चिठ्ठ्या टाकल्या त्यात गुरुजी कपिलला आले, आणि त्याने ती भूमिका किती छान केली, नाही? टोपी त्याला जरा मोठी होत होती, पण "पाटी वर!" म्हणाला की सगळा वर्ग दचकायचा. पाढ्यांच्या वेळी त्या खोलीत आवाज असा घुमला की मला काटा आला. भगवानरावांचं तर काय सांगू. ते बोलत होते आणि आमची एरवी एक मिनिट गप्प न बसणारी मुलं तोंड उघडं ठेवून ऐकत होती. त्यांनी सांगितलेलं सगळं मी लगेच मुलांकडून करून घेतलं. झाडणं, घागरी भरणं, उशिरा येणाऱ्याने अंगठे धरणं, सगळं. त्यामुळे तो दिवस नाटकासारखा वाटला नाही.

तुझ्या मुलांना आत बसवता आलं नाही याचं वाईट वाटलं. जागाच नव्हती, आणि आमच्या मुलांचे कपडे, पाट्या सगळं ठरलेलं होतं. पण ती दारात आणि खिडकीत उभी राहून किती कौतुकाने बघत होती!

मी काढलेले फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकले. बाईंनी त्यातले शाळेच्या पानावरही टाकले. तुलाही पाठवते, टाकीवर चढलीस की बघ.

परतताना सगळी गाणी म्हणत होती. फक्त संघर्ष गप्प होता. त्याला बस लागत असावी.

तुझी,
प्रेरणा


डोंगरखेड,
३० डिसेंबर २०२४

प्रेरणा,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता लिहितेच.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी ऑफिसात जेवत होते. बाहेर पोरांचा गलका. बघते तर माझी पोरं जुन्या शाळेच्या ओट्यापाशी खेळून राह्यली. एक गुरुजी झाला होता, बाकी खाली मांडी घालून. आणि तांड्यावरची चौथीतली पोरगी ओट्याच्या कोपऱ्यात एकटी बसलेली. पाचवीतला एक पोरगा तिला तांब्याने वरून पाणी टाकून राह्यला आणि ती ओंजळीने पिऊन राह्यली. सगळे हसत होते. ती पण हसत होती, म्हणजे तोंड हसत होतं.

मी ओरडले, हे काय चाललंय? तर म्हणतात कसे, "मॅडम, शयरातल्या शाळेचा खेळ खेळून राह्यलो."

माझ्या शाळेत असं कधी नव्हतं. खोटं कायले बोलू, गावात आहे. पण शाळेत नव्हतं. भांडतात, मारतात, पण पाणी एकाच नळाचं पितात. हा खेळ त्यांनी तुझ्या पोरांकडून उचलला. खिडकीत उभे राहून कौतुकाने बघत होते ना, ते हे बघत होते.

शनिवारी मी चुलीपाशी होते. खिचडी लागली का बघायला मागे गेले आणि पुढे आले तेव्हा तुझा तो उंच पोरगा ओट्यावर एकटा बसला होता. संघर्ष. आत सगळे पाटीवर लिहीत होते आणि तो बाहेरून, दारातून फळ्याकडे मान वाकडी करून बघत होता. मग कपिलने पाणी ओतलं. वरून. पोरं हसली. तू फोटो काढत होतीस.

मी हातात पातेलं धरून उभी होते. मला सगळं दिसलं. मी काहीच बोलले नाही. सरपंच उभे होते, तुमच्या मुख्याध्यापक बाई होत्या. मनात म्हटलं, पाहुणे आहेत, इतिहासाचा कार्यक्रम आहे, प्रेरणाने विचार करूनच केलं असेल. आठवडा झाला, मला तो पोरगा दिसून राह्यला आहे.

त्याला ओट्यावर कोणी बसवलं? तू की चिठ्ठीने?

मुस्कान


यवतमाळ,
७ जानेवारी २०२५

प्रिय मुस्कान,

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग वाईट वाटलं. तू मला इतकी वर्षं ओळखतेस.

जे झालं ते स्पष्ट लिहिते. भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या होत्या. गुरुजी, पाणी भरणारे, झाडणारे, उशिरा येणारा. काही जातींच्या मुलांना ओट्यावर वेगळं बसवत, हे भगवानरावांनी सांगितल्यावर मी जागेवरच आणखी एक चिठ्ठी लिहिली. "बाहेर बसणारा." हा आपल्या इतिहासाचाच भाग आहे आणि तो लपवणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं. ती चिठ्ठी अपेक्षाला आली. ती रडायलाच लागली. तिचे वडील शाळेच्या समितीवर आहेत, पण त्याचा इथे संबंध नाही. मुलगी रडते आहे म्हणून मी भूमिका बदलली. संघर्ष वर्गातला सर्वांत समजूतदार मुलगा आहे. मी त्याला म्हटलं, तू बसतोस का? तो उठला आणि जाऊन बसला. मी जबरदस्ती केली नाही.

पाणी ओतायला मी सांगितलं नव्हतं. ते कपिलने आपल्या मनाने केलं, भगवानरावांचं ऐकून.

आणि मुलांच्या जातीपाती मी बघत नाही. त्या क्षणी ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. खरंच मला माहीत नव्हतं.

तुझ्या मुलांच्या खेळाबद्दल वाईट वाटलं. तू त्यांना नीट समजावशीलच.

प्रेरणा


डोंगरखेड,
१३ जानेवारी २०२५

प्रेरणा,

तू खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. तुला माहीत नसतं, हे मला माहीत आहे.

डी.एड.ला असताना मी रविवारी तुमच्या घरी यायची. तुझी आई मला प्रेमाने खाऊ घालायची, आजही त्यांचं नाव काढलं की मला बरं वाटतं. पण माझा चहा काचेच्या कपात यायचा. तुम्हा सगळ्यांचा स्टीलच्या. तो कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा आणि माझा चहा झाला की तो मी धुवायची. दोन वर्षं. तू माझ्या शेजारी बसून गप्पा मारायचीस.

हे मी कधी बोलले नाही, कारण तू मला आवडायचीस आणि मला तुमच्याकडे यायचं होतं. भांडायला आता पण लिहीत नाही. तू लिहिलंस, मला माहीत नव्हतं, म्हणून आठवलं.

एकच विचारते. चिठ्ठी अपेक्षाला आली तेव्हा तो इतिहास होता. तो तिला जड झाला, तर तू चिठ्ठी फाडून का नाही टाकलीस? ती दुसऱ्याला द्यायचीच, असं कशावरून वाटलं?

मुस्कान


यवतमाळ,
२ फेब्रुवारी २०२५

मुस्कान,

पत्राला उशीर झाला.

तुझं पत्र घेऊन मी आईकडे गेले होते. तिला कपाचं विचारलं. ती म्हणाली, "अगं, तेव्हा तुझी आजी होती ना घरात." मग स्वतःहूनच म्हणाली, "आजी गेल्यावरही तसाच राहिला तो कप. मुस्कानला कळलं होतं का गं?" मी म्हटलं, तीच धुवायची. आईने पदर तोंडाला लावला. मी तिला कोणत्या तोंडाने बोलणार? मी तिच्याहून शिकलेली. मीही तोच चहा पीत शेजारी बसलेली होते. मी तुझी क्षमा मागते, पण तिच्या वतीने नाही, माझ्या स्वतःच्या वतीने. मी बघितलंच नाही. न बघण्याची मला किती सवय आहे, ते या महिन्यात कळलं.

आता संघर्षचं.

नाताळच्या सुट्टीनंतर तो शाळेत आलाच नाही. मी समजले, ताप असेल. बारा-पंधरा दिवस झाले तेव्हा फोन केला. कोणी उचलला नाही. मुख्याध्यापक बाईंनी मला बोलावलं आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, "संघर्षचा ओट्यावरचा तो फोटो मी पानावरून काढून टाकला आहे. तुम्ही त्या घरी जाऊ नका, काही लिहून देऊ नका. विषय आपोआप मिटेल. त्यांनी तक्रार केली तर तुमची नोकरी जाईल आणि शाळेचं नाव जाईल." तोपर्यंत मला माहीत नव्हतं की त्यांना सगळं माहीत आहे. मी बाहेर आले आणि तुला सांगते, मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. बाईंनीच नको म्हटलं आहे, मी काय करणार. ते सुटल्यासारखं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. संघर्षची आई सरकारी दवाखान्यात नर्स आहे, वडील एसटीत कंडक्टर. त्या नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या. वडील आतल्या खोलीत होते, ते बाहेर आले नाहीत. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांची मांडणी. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. ग्लास हातात घेतला आणि मला वर बघवेना.

त्या म्हणाल्या, "फोटो तुम्हीच काढला ना, मॅडम?"

मी हो म्हटलं.

"चांगला आला. त्याच्या बाबाच्या डेपोत सगळ्याइनं पाह्यला. खाली लिहिलं होतं, जुन्या काळाचा अनुभव." त्या आवाज न चढवता बोलत होत्या. "आमच्या सासऱ्यानं घेतलेला आहे तो अनुभव. आम्ही त्याच्यापासून पोराले दूर आणलं. या शाळेत टाकलं. तुम्ही बस करून त्याले वापस नेऊन बसवलं."

मी म्हटलं, मला माफ करा. मुस्कान, मी हे म्हटलं तेव्हा मला वाटलं होतं की हेच अवघड होतं आणि ते आता झालं.

त्या म्हणाल्या, "घरी आल्यावर त्यानं विचारलं, आई, मलेच काहून बसवलं? मी त्याले काही सांगू शकली नाही. तुमच्यापाशी उत्तर आहे का?"

माझ्यापाशी उत्तर होतं. तुला लिहिलं त्या पत्रात ते नव्हतं. आता लिहिते. अपेक्षा रडायला लागली तेव्हा मी वर्गावरून नजर फिरवली. एक मुलगा आईला सांगेल, आई फोन करेल. एक मुलगी रुसेल. एकाचे वडील वकील. माझी नजर संघर्षवर आली आणि थांबली, आणि मला आतून वाटलं, इथे काही अडचण येणार नाही. बस, एवढंच. जात माझ्या मनात आली नाही हे मी तुला लिहिलं होतं. ती यायची गरजच नव्हती. त्याचं आडनाव मी रोज हजेरीला वाचते. "तू बसतोस का?" हा प्रश्न मी अपेक्षाला केला नसता, कपिलला केला नसता. संघर्षला केला, आणि तो उठला, कारण बाई विचारतात तेव्हा मुलं उठतात.

हे मी त्यांना तिथे सांगू शकले नाही. "चुकलं" एवढंच परत म्हणाले.

त्या म्हणाल्या, "माफी इथं मागता, घरात. बसवलं तर सगळ्याइच्या समोर." मग म्हणाल्या, "तक्रार करायची का नाही, ते आमचं आम्ही पाहू. तुम्ही वर्गात सांगा. त्याले उभं करू नका. त्याच्याबद्दल गोड बोलू नका. तुम्ही काय केलं, ते सांगा."

दारापर्यंत सोडायला आल्या. संघर्ष आतून बाहेर आला नाही. त्याची चप्पल मात्र दारात होती.

मला भीती वाटते आहे, मुस्कान. नोकरीची तर आहेच. पण त्याहून त्या मुलांच्या तोंडांची.

प्रेरणा


डोंगरखेड,
९ फेब्रुवारी २०२५

प्रेरणा,

कपाचं लिहायला नको होतं, असं मला मागून वाटलं होतं. आता वाटत नाही. आईंना माझा सलाम सांग. मी येईन, पण लगेच नाही. थोडं थांबते.

माझ्याकडे काय झालं ते सांगते. त्या खेळानंतर मी पोरांना नुसतं रागावले होते. पोरांनी खेळ बंद केला, म्हणजे माझ्यासमोर बंद केला. मग मी भगवानरावांकडे गेले. म्हटलं, आबा, तुम्ही सांगितलेलं पोरं खेळून राह्यली. ते खाटेवर पडून होते, उठून बसले. म्हणाले, "मी असं होतं म्हनून सांगतलं, बाई. असं करा म्हनून नाई सांगतलं." आणि मग माझ्यावरच चिडले. "तुम्ही दोन दोन मास्तरनी उभ्या होत्या तिथं. मले दिसत नाई. मले वाटलं, पोट्टे काहून हासून राह्यले? तुमाले तं दिसत होतं!"

मी मान खाली घातली. त्यांना ते पण दिसलं नसेल.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत शाळेत आले. पोरांना जुन्या खोलीत बसवलं, सगळ्यांना आत. तांड्यावरच्या त्या पोरीला म्हणाले, माझ्यापाशी बस. मग ओट्यावर बसणाऱ्या तीन पोरांबद्दल बोलले. त्यातल्या एकाला त्यांच्यापेक्षा छान वाचता यायचं. गुरुजी त्याची पाटी हातात घेत नसत, लांबून बघत. पावसाळ्यात ओटा भिजला की ती तिघं घरी जात. एका पावसाळ्यानंतर आलीच नाहीत. "मी आत कोरडा बसलो होतो," असं म्हणाले. त्या पोरीने त्यांची काठी धरून ठेवली होती.

तुझं वर्गातलं सांगते. मला अधिकार नाही, मी पातेलं धरून उभी राहिलेली बाई आहे. तरी सांगते. रडू नको. तू रडलीस तर सगळा वर्ग तुझी समजूत काढत बसेल, आणि तो पोरगा परत बाहेरच राहील. आणि मला वाटतं, मला जे लिहिलंस, तेच सांग. कमी करून सांगू नको.

तो शाळेत येईल त्या दिवशीच सांग. त्याच्या माघारी नको.

मुस्कान


यवतमाळ,
२३ फेब्रुवारी २०२५

मुस्कान,

सांगितलं.

संघर्ष सोमवारी आला. आईने फाटकापाशी सोडला. तो खिडकीच्या बाकावर बसला, नेहमीच्या जागी. मी हजेरी घेतली, पुस्तक मिटलं आणि उभी राहिले. मी मुलांना म्हटलं की डोंगरखेडला मी एक चूक केली आणि ती मला तुमच्यासमोर सांगायची आहे. ओट्यावर मुलांना का बसवत होते, तेव्हा त्यांच्या पाण्याचं काय होत होतं, हे सगळं आधी सांगितलं, कारण त्या दिवशी मी ते सांगितलंच नव्हतं. फक्त करून घेतलं होतं. मग म्हटलं, जी गोष्ट कोणावरच व्हायला नको होती, ती मी खेळ म्हणून करायला लावली. चिठ्ठी फाडून टाकायला हवी होती, ती मी दुसऱ्याला दिली. मी त्याचा फोटो काढला. संघर्ष, मी तुझी माफी मागते.

मी रडले नाही.

मग अपेक्षा उठली. म्हणाली, "मॅडम, चिठ्ठी मला आली होती. मी रडले म्हणून माझी सुटका झाली. त्याला कोणी विचारलंच नाही." आणि ती बसली नाही, उभीच राहिली. कपिल बाकावर डोकं टेकून बसला होता. त्याने डोकं न उचलताच विचारलं, "पण मॅडम, तुम्ही त्यालाच का दिली?"

हाच प्रश्न. मी तुला लिहिलं होतं ते सगळं त्या मुलांसमोर कसं बोलायचं? पण तुझं वाक्य आठवलं, कमी करून सांगू नको. मी म्हटलं, "मला वाटलं, तो काही बोलणार नाही. त्याच्या घरचे काही बोलणार नाहीत. तुमच्यापैकी बाकी कोणाबद्दल मला तसं वाटलं नाही. तसं का वाटलं, याचीच मला लाज वाटते."

संघर्ष खिडकीबाहेर बघत होता. तो म्हणाला, "मला आतलं दिसत नव्हतं. फळ्यावर काय लिहिलं होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही." एवढंच. मोठ्याने नाही, स्वतःशीच म्हटल्यासारखं.

मी वाट बघत होते. आता तो म्हणेल, जाऊ द्या मॅडम. एखादं मूल तसं म्हणतंच. मी खरंच वाट बघत होते, मुस्कान, आणि ती वाट बघताना माझीच चोरी मला सापडल्यासारखं झालं. या सगळ्यात मला कशाची सर्वांत जास्त लाज वाटत असेल, तर त्या अर्ध्या मिनिटाची. मी माफी मागून झाल्याबरोबर त्याच्याकडून काहीतरी मागायला लागले होते. पुन्हा त्याच्याचकडून.

तो काही म्हणाला नाही. घंटा झाली.

मुख्याध्यापक बाईंना दुपारपर्यंत कळलं. त्यांनी मला नोटीस दिली आहे. पुढचं काय ते समितीच्या बैठकीत ठरेल. अपेक्षाच्या वडिलांनी फोन केला. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मुलगी घरी येऊन बोलली. मला अजून काय वाटतं ते माहीत नाही, मॅडम," आणि फोन ठेवला. संघर्षच्या आईने तक्रार केली की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. तो त्यांचा हक्क आहे.

गुरुवारी त्या शाळेत आल्या होत्या. मला भेटल्या, उभ्या उभ्याच. म्हणाल्या, "तुम्ही वर्गात सांगतलं ते त्यानं घरी येऊन सांगतलं. बरं झालं." मग म्हणाल्या, "त्याले तुकडी बदलून पाह्यजे. 'ब' मध्ये. त्यानंच म्हटलं." मी म्हटलं, हो. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं. त्याच्या गणितात मला रस होता, त्याचं अक्षर मला आवडायचं, हे सगळं ओठांवर आलं होतं. ते त्यांना ऐकवून मी काय मिळवणार होते?

शनिवारी सकाळी नेहमीसारखी हजेरी घेत होते. सवयीने त्याचं नाव घेतलं. मग मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तो 'ब' मध्ये गेला."

मी म्हटलं, "हो, माहीत आहे."

आणि पुढचं नाव घेतलं.

तुझी,
प्रेरणा